बहिरी रक्तानं, मुकी घरानं

तुळजाचे कान टोचत होते. नादस्वरवाला आपली लांब सनई तिच्या कानाशीच फुंकत होता. माझ्या धाकट्या भावाच्या मांडीवर होती ती. आमच्यात मामाच्याच मांडीवर बसवतात. सुई शिरली तेव्हा रडली. नादस्वराला मात्र पापणीसुद्धा हलली नाही. पाहुणे कुजबुजले. नवऱ्यानं तिथंच माझ्या थोबाडीत मारली. ओठ फाटला.

सासू म्हणाली, "पोटुशी असतां गिराणांत बाहेर गेलीस कां गे? बहिरं पोर दिलंस आमच्या घराला."

नवरा म्हणजे माझा सख्खा मामा. सासू म्हणजे माझ्या आईची आई. तंजावरात आमच्यात रीतच आहे, भाचीवर पहिला हक्क मामाचा. राजवाड्याच्या नात्यातलं रक्त बाहेर जाऊ नये म्हणे. शिकलेली, सरकारी नोकरीतली माणसं म्हणतात हे.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. ग्रहणाचा संबंध नाही. एकाच घराण्यातला दोष नवऱ्यातही आहे, माझ्यातही. दोन्हीकडून पोरीत उतरला. पण बहिरी म्हणून मुकी व्हायलाच हवी असं नाही. आत्ताच मशीन लावा, बोलायला शिकवा, उशीर करू नका.

मी मशीन आणलं. कुकरची शिट्टी झाली आणि तुळजानं मान वळवली. मी ढसाढसा रडले.

दुसऱ्याच दिवशी सासूनं ते पाट्यावर ठेवलं आणि वरवंट्यानं चेचलं. "आमच्या पोरीच्या कानांत यंत्र? लोक काय म्हणतील?" मी अंगावर धावले. नवऱ्यानं झिंज्या धरून माझं डोकं चौकटीवर आपटलं. मग देवळं सुरू झाली. नवस, जिभेवर मध, ताईत. बोलायला शिकायची वर्षं त्यातच गेली. रक्तानं तिला बहिरं केलं होतं. मुकं केलं ते या घरानं.

यंदा पोंगल झाल्यावर माझा तोच भाऊ ताटं घेऊन आला. विडा, फुलं, रेशमी साडी. तुळजा नुकती अठराची झालेली.

सासू म्हणाली, "मुकीला दुसरा कोण घेईल? मामा आहे म्हणून बरं."

तुळजानं साडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. दोन्ही हातांनी ताट ढकललं. नवऱ्यानं तिच्यावर हात उगारला.

विळी माझ्या हातात कधी आली, मला कळलं नाही. साडी उभी चिरली. नवरा पुढं आला, त्याचा तळवा चिरला. रक्त विड्यावर सांडलं. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

"आजी," मी म्हटलं, "हें रक्त हितंच संपलं. पोरीला हात लावील त्याचा हात ऱ्हाणार नाही."

त्याच संध्याकाळी आम्ही मायलेकी बाहेर पडलो. आता तिरुवैयारूला एका खोलीत राहतो. तुळजा हातांनी बोलायला शिकते आहे. रागावली की तिचे हात माझ्या जिभेपेक्षा जोरात चालतात.

भाऊ आता थोरल्या बहिणीच्या मुलीसाठी ताटं नेणार आहे. ती बारावीत आहे. बहिणीचा फोन आला, रडत होती. म्हणाली, "काय करूं गे?"

मी म्हटलं, "दार उघडं ठेव. मी येत्ये."

विळीला धार लावून ठेवली आहे.