वाडी कुठची गो?

मी आंबे पिळत होते. मनगटापर्यंत हात रसाने भरलेले. निनादच्या आईने, काकूंनी, मला स्वतःहून स्वयंपाकघरात बोलावलं होतं. "ये गो, मला जरा मदत कर. बाहेर बसलेत ते नुसता दंगा करतायत." मला बरं वाटलं होतं. परक्या घरात कुणी आत बोलावलं की बरं वाटतंच. टोप हापूसच्या रसाने भरत आला होता आणि काकू पुऱ्या लाटत होत्या.

"गाव कुठचं तुझं?" त्यांनी विचारलं.

मंडणगडच्या पुढचं माझं गाव. मी नाव सांगितलं.

"वाडी कुठची गो?"

"बौद्धवाडी."

काकूंचं लाटणं थांबलं नाही. चेहराही बदलला नाही. हातातली पुरी झाली, ताटात ठेवली, पीठ झटकलं. मग अगदी मायेने म्हणाल्या, "दमलीस गो. जा, बाहेर बस." मी हात धुवायला मोरीकडे वळले. "तिथे नको. मागे नळ आहे."

मागच्या नळावर मी हात धूत होते तेव्हा निनाद टोप घेऊन बाहेर आला. पाठोपाठ खिडकीतून काकूंचा आवाज. "सगळा दे त्या नेपाळ्यांना. आपल्याला मी दुसरा काढते." आंब्याच्या बागेची राखण करणारे ते नेपाळी गडी. त्यांच्या पुढ्यात सगळा टोप. ते हसले, निनादला नमस्कार केला. निनादने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आमच्याकडे गाव विचारतात ते नुसतं निमित्त असतं. खरा प्रश्न वाडीचा. कोकणात वाडी सांगितली की जात सांगून झाली. त्यात माझं आडनाव मराठ्यांतही आहे आणि आमच्यातही आहे, त्यामुळे लोकांची पंचाईत होते. मग गोड बोलून वाडी विचारतात. शाळेत विचारली. रत्नागिरीत खोली बघायला गेले तिथे तर चपला काढायच्या आधी विचारली.

म्हणून तर मला इंटरनेट आवडलं होतं. तिथे वाडी नव्हती.

मी तेव्हा एका वकिलांकडे टायपिंग करायचे. मारुती मंदिरापाशी दोन नर्स मुलींबरोबर खोलीत राहायचे. त्यांच्या ड्युट्या कधीच्या कधी, त्यामुळे बोलायला कुणी नाही. संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचे. प्लायवूडचे खुराडे, घामट हेडफोन, मध्येच लाइट गेली की सगळ्यांचा एकदम ओरडा. तेव्हा जिच्यावर सगळे एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकायचे ती साइट. तिच्यावर 'रत्नागिरीचे आपण' नावाची कम्युनिटी निनादने काढली होती. तोच तिचा मालक, तोच मॉडरेटर. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो आम्ही. मी रिक्षावाल्यांवर लिहायचे, एस. टी.च्या कंडक्टरांवर लिहायचे, मांडवीच्या बंदरावर फिरायला येणाऱ्या जोडप्यांची टर उडवायचे. लोकांना आवडायचं. मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेले इथले लोक लिहायचे, तुझं वाचलं की घरी आल्यासारखं वाटतं. माझ्या आख्ख्या आयुष्यात मला इतक्या लोकांनी इतकं आपलं म्हटलं नव्हतं. ते माणसांत असणं मला जिवापाड हवं होतं.

आणि मग मे महिन्यात निनादने सगळ्यांना बागेत जेवायला बोलावलं.

पंगत बसली. पानात पुऱ्या आल्या, बटाट्याची भाजी आली, मग वाटीत रस. नवा. माझा हात न लागलेला. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या दोघींनी खिडकीतून सगळं बघितलं होतं. बघितलं आणि जेवायला बसल्या. एक तर मला म्हणाली, "घे ना, लाजतेस काय?" मी वाटी बाजूला सारली, गाडी चुकेल म्हणाले आणि उठले. कुणी थांब म्हटलं नाही.

तेवढंच असतं तर कदाचित मी गिळलं असतं. असलं गिळण्याची सवय आम्हाला लहानपणापासून लावतात.

पण निनादने फोटो टाकले. त्यात मी होते. स्वयंपाकघरात, हात रसाने माखलेले, तोंडभर हसतेय. खाली त्याने लिहिलं होतं, "आमची अन्नपूर्णा! रस हिच्या हातचा!" आणि त्याखाली रांग. "काय रस होता!" "अजून चव जिभेवर आहे." "पुढच्या वर्षी पण हिच्याच हातचा हवा." त्या खिडकीतल्या दोघीसुद्धा त्यात. आणि कुणा शहाण्याने लिहिलं, "आपल्या कम्युनिटीत जातपात काही नाही, हेच आपलं मोठेपण."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रस उकिरड्यावर ओतला असता तरी मला इतका राग आला नसता. माझ्या हाताचा विटाळही पाळायचा आणि माझ्या हाताचं कौतुक करून मोठेपणाही मिरवायचा? दोन्ही पाहिजे? फुकटात?

मी त्याच फोटोखाली लिहिलं. "हा रस तुम्ही कुणीच खाल्ला नाहीत. मी बौद्धवाडीतली आहे हे कळल्यावर तो नेपाळ्यांना दिला आणि तुमच्यासाठी दुसरा काढला. टोप निनादने नेला. खोटं असेल तर त्याने सांगावं."

निनादने ऑफिसात फोन केला. वकीलसाहेबांच्या समोर मी तो घेतला. "अगं, आई जुन्या वळणाची आहे. तुला घरात घेतलं की नाही तिने? ते आधी काढून टाक."

घरात घेतलं! मांजर घरात घेतल्यासारखं.

"काढणार नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत माझं लिहिणं गायब आणि मीही गायब. कम्युनिटीतून हाकललेली. पाहुणी म्हणून येऊन घरात भांडण लावणारी, असं माझ्याबद्दल लिहिलेलं. एकानेही हो, असं झालं, म्हणून लिहिलं नाही. मग एक खासगी निरोप आला. पोफळीचा एक इंजिनिअर, वीज प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेला. माझ्या लिहिण्यावर नेहमी दाद द्यायचा. "मीही तुमच्यातलाच. कॉलनीत वाडी नसते, क्वार्टरचा नंबर असतो, म्हणून आजवर निभावलं. तूही जपून राहा. निनाद परत घ्यायला तयार आहे. फक्त गैरसमज झाला एवढं लिही."

त्याचा राग आला. मग त्याच्याबद्दल वाईट वाटलं. मग परत राग आला, पण त्याच्यावर नाही. शिकून इंजिनिअर झालेल्या माणसाला आपल्या आईबापाचं घर लपवून दुसऱ्यांच्या ओट्यावर बसावं लागतं, त्याचा आला. परत जायचं तर मलाही तेच करायला लागणार होतं. ती सगळी माणसं परत मिळाली असती. मला ती हवी होती, हे खोटं का बोलू? पण त्यांना मी नको होते. त्यांना रिक्षावाल्यांवर विनोद करणारी हवी होती.

मी त्याला लिहिलं, "गैरसमज झाला नाही. लिहिणार नाही."

मग माझं प्रोफाइल उघडलं. गावाच्या जागी नुसतं रत्नागिरी होतं. ते खोडलं. गावाचं नाव घातलं आणि त्याच्यापुढे लिहिलं, बौद्धवाडी. आता साइट बदलली, माणसं बदलली, माझं तसंच आहे. कुणाच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी हे उत्तर पुन्हा देणार नाही. ते दारावरच लिहिलेलं आहे. ज्याला चालत नसेल त्याने मला बोलावू नये. आणि ज्याने बोलावलं, त्याला माझ्या हातचं खावं लागेल.