बॉगच्या मातीचा किल्ला, साखरेचा ताजमहाल

मुघलांशी माझी शेवटची लढाई कासलबार या परदेशातल्या गावी, चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये झाली. मी जिंकलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात ती वेगळ्या तऱ्हेने सांगतात.

शत्रुपक्षात एकच माणूस. आमच्या इस्पितळातला भूलतज्ज्ञ, लखनौचा कायस्थ. मी हाडांचा डॉक्टर. त्याने माणूस झोपवायचा आणि मी कापायचा, असं आमचं आठवड्यातून तीनदा चाले. रोगी गाढ झोपला, की ऑपरेशन टेबलाच्या अलीकडे दख्खन आणि पलीकडे दिल्ली.

"आप के यहाँ था क्या, डॉक्टर साहब?" तो मास्कमधून म्हणे. "पत्थर और घोड़े. खाना हम ने सिखाया, बाग़ हम ने लगाए, बैठने की तमीज़ तक हम ने दी."

'हम ने'! जसा काही हा तख्तावर बादशहाच्या मांडीवर रांगत वाढला.

"पच्चीस साल हमारे चिखल में लोळ्या तुम्हारा बादशहा," मी करवत हातात धरून ओरडे, "और वापस कौन गया? कोई नहीं! इधरच गाड्या उसको!" माझं हिंदी असं आहे. रागात ते जास्त बहरतं. बादशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस आमच्या लोकांनी कापून नेले, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. कापणाऱ्याला शिडी कोणी धरली होती, हे कोणी विचारत नाही. आमच्या घराण्याने. कागद नाही, पण शिडी धरणाऱ्याचे कागद कधी असतात का?

त्याच्या म्हणण्याला माझ्याकडे एकच उत्तर नव्हतं, ते जेवणाचं. कारण वादाच्या त्या टप्प्यावर आम्ही बहुधा त्याच्या घरी असू आणि माझ्या ताटात त्याच्या बायकोची बिर्याणी तिसऱ्यांदा वाढलेली असे.

अशात इस्पितळाच्या लोकांनी देशोदेशींच्या कुटुंबांची एक संध्याकाळ ठरवली. प्रत्येक देशाला एक टेबल. भारताला एक. आम्ही दोघांनीही ते मागितलं. वॉर्डची सिस्टर म्हणाली, "अर्धं अर्धं घ्या रे पोरांनो, ग्रँड होईल!" या बाईला पानिपत माहीत नव्हतं.

त्याने जाहीर केलं: ताजमहाल, अस्सल साखरेच्या चौकोनी खड्यांचा. मी म्हटलं, हो का? एका माणसाने बायको गेल्याचं दुःख वीस हजार लोकांच्या पाठीवर लादलं, त्याला तुम्ही प्रेम म्हणता. मी किल्ला करणार. दिवाळीत करतो तसा, मातीचा, बुरुजांचा, वर अळीव पेरून हिरवागार केलेला.

माती बॉगमधली, म्हणजे तिकडच्या दलदलीतली. शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरभर आणून टाकली. काळी, मऊ, आणि पाणी इतकं धरणारी की मूठ आवळली तर कोपरापर्यंत ओघळ येई. तिच्यात अळीव असा तरारला की तिसऱ्या दिवशी त्यात मेंढी हरवली असती.

पण किल्ला माझ्यासाठी नव्हताच. माझी मुलगी आठ वर्षांची होती. मराठी तिला सगळं समजे, उत्तर मेयोच्या, म्हणजे आमच्या तिथल्या जिल्ह्याच्या, इंग्रजीत. मला एवढंच हवं होतं की तिने त्या संध्याकाळी किल्ल्याशेजारी उभं राहावं आणि चारचौघांत सांगावं, हा आमचा आहे. त्या देशात माझ्यामागे हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. दोन महिने मी तिला किल्ल्याची गोष्ट घोकवली. ती मान हलवी आणि दप्तर उचलून लखनौवाल्यांकडे जाई. त्यांची मुलगी तिच्या वर्गात होती, दोघी तिथे अभ्यास करत.

त्या दिवशी हॉलमध्ये मी ताजमहाल पाहिला. हातभर उंच, पांढराशुभ्र, चार मिनार उदबत्तीसारखे सरळ. माझा किल्ला शेजारी शेणाच्या ढिगासारखा दिसू लागला.

टेबलाचे माझ्या बाजूचे पाय डगमगत होते, म्हणून त्यांच्याखाली मी पुठ्ठे सारले. (पाय ठणठणीत होते.) अळीव सुकेल, म्हणून झारीभर पाणी घातलं. मग दुसरी झारी. ती जरा जास्त झाली. बॉगचं पाणी कोऱ्या चहासारखं उतारावरून निघालं आणि दहा मिनिटांत आग्र्याला पोचलं. आधी चौथरा तपकिरी झाला. मग मिनार एकेक करून गुडघ्यात वाकले. घुमट शेवटी बसला, तोही दमलेल्या हत्तीसारखा, हळूच.

मी आत 'हर हर महादेव' म्हणत होतो. बाहेर "अरेरे."

लखनौवाला ओरडेल म्हणून मी तयार होतो. तो ओरडला नाही.

"डॉक्टर साहब," तो म्हणाला, "चारों मीनारें आप की बेटी ने बनाई थीं. तीन हफ़्ते से आ रही थी. कहती थी, बाबा को सरप्राइज़ दूँगी. दोनों साथ रखेंगे."

माझी मुलगी कोट ठेवून आत आली होती. टेबलापाशी उभी राहिली. लोक जमले होते, सिस्टर म्हणाली, चल, सांग तुझी गोष्ट. मुलीने मेयोच्या स्वच्छ उच्चारात सांगितलं, हा माझ्या बाबांचा किल्ला, आणि त्यांनी शेजारचा ताज मुद्दाम भिजवला. मी पुठ्ठे पाहिलेत.

हॉल खो खो हसला. टाळ्या वाजल्या. ती हसली नाही. ती लखनौवाल्यांच्या गाडीतून त्यांच्या घरी गेली आणि चार दिवस तिथेच राहिली.

ऑपरेशन थिएटरमध्ये त्यानंतर मुघलांचा विषय निघाला नाही. "झोपला," एवढंच तो सांगे. मी एकदोनदा बादशहाला शिवी घालून पाहिली. पलीकडून नुसता यंत्राचा आवाज आला.

चौथ्या दिवशी मी तिला आणायला गेलो. माझी बायको म्हणाली होती, पोरगी नवा ताज करते आहे, कौतुक कर आणि गप्प बस. दार मुलीनेच उघडलं, वीतभर. मागे स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन मिनार झालेले दिसत होते.

"बघू तरी दे," मी म्हटलं.

"हात दाखवा," अशा अर्थाचं काहीतरी ती इंग्रजीत म्हणाली.

मी दोन्ही हात पुढे केले. अगदी कोरडे होते. तिने ते उलटसुलट करून नीट पाहिले, आणि दार लावून घेतलं.