गौरीचे पाय

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलाही. भाजीवालीने एखादी जुडी स्वतःहून पुढे केली की मी हटकून मागची उचलते. त्यामुळे लग्न होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच सुनेने माझ्या तांब्याच्या कळशीत पळसाच्या फांद्या खोचून ती टीव्हीशेजारी ठेवली, तेव्हा फुलं बाजूलाच राहिली. हिला इथून नेमकं काय हलवायचंय, हेच आधी माझ्या मनात आलं.

कारण त्या जागी माझी फुलदाणी होती. प्लास्टिकच्या गुलाबांची, बारा वर्षं जागची हललेली नाही. "आई, धुऊन कपाटावर ठेवलीय," ती म्हणाली. मी स्टुलावर चढून पाहिलं. धुतलेली होती खरी.

पळस वाळला, तो तिने काढला. वैशाखात दारावर बहाव्याचे पिवळे घोस लटकले. तेही गळले. पावसाळ्यात ती ऑफिसातून येताना रस्त्याकडेच्या गवताचे तुरे घेऊन यायची आणि काचेच्या बाटल्यांत ठेवायची. शेजारीण आली की म्हणायची, "सुनेने घर काय छान ठेवलंय हो!" तीस वर्षं घर मी ठेवलं होतं, तेव्हा कुणाला काही दिसलं नव्हतं. बाटली आली की माझी एखादी वस्तू वीतभर सरकायची. अशीच सरकत सरकत एक दिवस मीही कपाटावर जाणार, अशी माझी खात्री होत चालली होती. मुलगा सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा आणि येऊन झोपायचा, त्याला सांगून उपयोग नव्हता. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, फुलंच आहेत ती." ह्यांना सगळीकडे फुलंच दिसतात.

मग गौरी आल्या. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात. तेरड्याची रोपं मुळासकट आणायची, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. उंबऱ्यावर ती धुवायची, कुंकू लावायचं आणि मग गौर घरात घ्यायची. बाजारात हरसूलकडून आलेली एक बाई तेरडा घेऊन बसली होती. मी एकेक रोप उलटं करून बघायला लागले तशी ती वैतागली. "समद्यांना मुळं हायेत बाई. म्या काय पाय तोडून आणीन व्हय गौराईचे?" तरी मी सगळी रोपं पाहिलीच. घरी आणून बाल्कनीत बादलीत ठेवली आणि खण-नारळ आणायला पुन्हा खाली उतरले.

परत येते तो जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या काचेच्या जगमध्ये तेरडा. एका उंचीचा, नीट कापलेला. सून हसून म्हणाली, "आई, बघा ना! मुळांना फार चिखल होता, ती काढून टाकली."

माझा तोल गेला. "पाय कापलेस तू गौरीचे," मी म्हणाले. "मुद्दाम केलंस. आधी माझ्या वस्तू काढल्यास, आता सणही काढ माझा." तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने स्कूटरची किल्ली घेतली आणि गेली.

गेली माहेरी, मला वाटलं. तिच्या खोलीत जाऊन मी बॅग जागेवर आहे का पाहिलं. होती. तरी खात्री व्हावी म्हणून कपाट उघडून साड्याही पाहिल्या. हे दारात उभे राहून बघत होते. "त्यांच्याकडे मुखवट्यांच्या गौरी असतात," हे म्हणाले. "तेरडा नुसता सजावटीला. तिला कुठून कळणार?" मी कपाट लावून घेतलं. आपलं चुकलं असं तेव्हाही वाटलं नाही, नुसती लाज वाटली.

दोन तासांनी बेल वाजली. ती उंबऱ्याबाहेर उभी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि ओल्या टॉवेलात गुंडाळलेला तेरडा. त्र्यंबक रस्त्याला डोंगराच्या उतारावरून स्वतः उपटून आणलेला. मी तिथेही एकेक रोप उलटं करून पाहिलं. मुळाचा एक तंतू तुटलेला नव्हता. मातीही तशीच होती.

आता खरं तर पाणी आणायचं होतं. पण माझ्या तोंडून गेलंच, "घर तुझ्या मनासारखं लावायचं होतं तर सरळ सांगायचंस. रोज एक फांदी आणून काय चालवलं होतंस?"

ती खाली बघत म्हणाली, "टिकणारं काही ठेवायची भीती वाटायची, आई. मी काढलेलं एक चित्र माहेराहून आणलंय, ते अजून पलंगाखालीच आहे. म्हटलं, आठ दिवसांत वाळेल असंच काहीतरी आणावं. तुम्हाला नाही आवडलं तर आपोआप जाईल."

सात महिने ती माझ्या घरात अशी राहत होती आणि मी मात्र माझी फुलदाणी किती सरकली ते बघत होते. मला फार वाईट वाटलं. मी दूध-पाणी आणलं, मुळं धुतली, कुंकू लावलं आणि रोपं तिच्याच हातात देऊन तिला आत घेतलं.

गौरी बसल्यावर मी तिला पलंगाखालचं चित्र बाहेर आणायला लावलं. हॉलच्या भिंतीला मी आजवर कुणाला खिळा मारू दिलेला नाही, ह्यांनाही नाही. ह्यांच्याकडून हातोडी मागून घेतली आणि स्टुलावर चढले. ती खाली चित्र धरून उभी होती. मी खिळा टेकवला तशी अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, जरा डावीकडे."

मी डावीकडे मारला.