भिंतीवरच्या नकाशातला टॉवर

आईला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही. मंदारला तर नाहीच नाही — आणि खरं म्हणजे हे कळायला हवं ते त्यालाच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

वीस वर्षांपूर्वी जुहूच्या धावपट्टीजवळ एका छोट्या संस्थेत मी आणि मंदार विमान चालवायला शिकत होतो. मी मुलुंडची, तो अंधेरीचा. दोन सीटचं विमान. खाली बघत उडायचं — खाडी, रूळ, डोंगर, कारखान्यांच्या चिमण्या — आणि मांडीवरच्या नकाशाशी ताडून पाहायचं. पण छापील नकाशा हातात येईपर्यंत जुना होतो. मुंबईच्या आसपास रोज काहीतरी नवं उभं राहतं. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. भिंतीवर प्लास्टिक चढवलेला मोठा नकाशा. नव्या टॉवरचं पत्रक आलं की त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्याने त्यावर लाल पेनाने खूण करायची, बाजूला उंची लिहायची. उडण्याआधी प्रत्येकाने त्या खुणा आपल्या नकाशावर उतरवून घ्यायच्या.

त्या आठवड्यात पाळी माझी होती. सोमवारी पत्रक आलं: वसईच्या खाडीपलीकडे टेकडीवर नवा टॉवर. मला गोरेगावला मावसबहिणीच्या साखरपुड्याला पळायचं होतं. उद्या करू म्हणून पत्रक बॅगेत टाकलं आणि साफ विसरले. विसरणं कुणाकडूनही होतं. त्यासाठी मी हे लिहायला बसले नसते.

गुरुवारी मंदार एकटाच उडाला. हवा धुरकट होती. जमीन दिसावी म्हणून तो बराच खाली उतरला असणार. रेडिओवर त्याचा आवाज आला, चिरकलेला — समोर टॉवर, थोडक्यात वाचलो, नकाशावर नाहीये, परत येतोय. खोलीतले सगळे बाहेर धावले. मीही उठले. पण धावले कुठे? भिंतीकडे.

पत्रक बॅगेत तसंच होतं. ते काढलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं. खूण केली, उंची लिहिली. हात जरासुद्धा थरथरला नाही — त्याचीच मला अजून भीती वाटते. प्लास्टिकवर शाई लवकर सुकत नाही. मी फुंकर मारत उभी राहिले आणि मधेमधे देवाचं नाव घेत होते, तो सुखरूप उतरावा म्हणून. ढोंग नव्हतं हो ते. खरंच घेत होते. पण हात मात्र नकाशावरच होता.

तो उतरला. आम्हाला शिकवणारे सर त्याला सरळ भिंतीसमोर घेऊन आले. तिथे लाल खूण होती. त्याच्या नकाशावर नव्हती.

"सकाळी नव्हता, सर. आईशप्पथ नव्हता."

सर माझ्याकडे वळले. "तू कधी मार्क केलास?"

"सोमवारीच, सर."

बोटाला लागलेली शाई मी मुठीत दाबून धरली होती. वाटलं, आता हा माझ्यावर ओरडेल, खोटारडी म्हणेल. तसं झालं असतं तर मी कबूल केलं असतं का? माहीत नाही. त्याने आपला नकाशा भिंतीवरच्या नकाशाशी ताडून पाहिला. मग हळूच मला म्हणाला, "मला दिसला कसा नाही गं?"

म्हणजे त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यांवर नाही.

सरांनी त्याला महिनाभर उडू दिलं नाही. महिना संपला, पण तो आलाच नाही. बोलवायला मी त्याच्या घरी गेले होते — हो, तेही केलं मी. म्हणाला, आज टॉवर दिसला नाही, उद्या दुसरं काही दिसणार नाही. मला लायसन्स मिळालं. तो घाटकोपरला एका ऑफिसात चिकटला. आमची मैत्री टिकली. चारचौघांत अजून सांगतो, हिचं काम एकदम चोख, यार.

गेल्या महिन्यात तो मुलीला घेऊन घरी आला. बारावी झाली, तिला वैमानिक व्हायचंय. "नकाशा वाचायला तूच शिकव हिला," तो हसत म्हणाला. "माझ्या नजरेत खोट आहे. हिच्यात उतरली नसली म्हणजे मिळवली." मुलगीही हसली. मी चहा ओतत होते. शिकवते म्हणाले.

आता ती दर रविवारी येते. हुशार आहे, पटापट शिकते. परवा नकाशा पसरून बसलो होतो, तेव्हा तिने विचारलं, बाबांना न दिसलेला तो टॉवर नेमका कुठे गं, मावशी?

मी बोट ठेवून दाखवला.