एकच बुरुज दोनदा

“मला माणसं चालत नाहीत? असं मी कधी म्हटलं, आई? एकदा सांगा, कधी म्हटलं?”

सूनबाईच्या खांद्यावर अजून पर्स होती आणि पायात चपला. एरवी कुणी चपला घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जरी आलं, तरी घर डोक्यावर घेणारी बाई आज स्वतः चपलांसकट ओट्यापाशी उभी होती. सासू तिच्याकडे पाठ करून नळाखाली धुतलेलाच पेला पुन्हा धूत होती.

“मी त्यांच्या दारात उभी. हातात फुलं. म्हटलं, फिरून आल्या असतील, आता जेवायला घरी घेऊन जाऊ. तर ती चष्मेवाली माझा हात हातात घेऊन म्हणते, ‘डोकं कसं आहे गं आता? तुला त्रास नको म्हणून तर आम्ही लॉजवर उतरलो.’ मी बघतच राहिले. म्हटलं, कुणाचं डोकं?”

“मग?” सासूच्या तोंडून निसटलं. “मग काय म्हणाली ती?”

“हे विचारायचंय तुम्हाला? ती काय म्हणाली?”

“अगं, चपला तरी काढ,” बाहेरून मुलगा म्हणाला. दिवसभर लोकांच्या घरचे पंखे आणि मोटारी दुरुस्त करून तो नुकताच आला होता आणि हे भांडण आपल्या हातून दुरुस्त होण्यातलं नाही, हे त्याने आवाजावरूनच ओळखलं होतं.

“तू गप्प बस. अर्धी रजा टाकून मी दुपारपासून रांधतेय. त्या रजेपायी दवाखान्यात कामावर डॉक्टरांची बोलणी खाल्ली. आणि तिकडे मी कोण? माणसं आली की डोकं चढणारी. जिच्या भीतीने सासूच्या मैत्रिणी लॉजवर राहतात, ती.”

सासूने नळ बंद केला. आज ती साठ वर्षांची झाली होती. ओट्यावर झाकलेली भांडी होती, खोक्यात केक होता आणि खोक्यावर तिचं नाव घालून घेतलेलं होतं. त्या खोक्याकडे बघवेना, म्हणून तिने त्यावर ओढून एक फडकं टाकलं.

घरात तिला आई आणि आजी म्हणत. पण ज्या दोघींवरून हे सगळं पेटलं होतं, त्या तिला काज म्हणत. बसने तासाभरावरच्या शर्टांच्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षं बटणांची काजं पाडली. तिथे बायकांची ओळख नावाने नव्हे, तर शर्टाच्या ज्या भागावर हात चाले, त्या भागाने. कॉलर लावणारी ती कॉलर, बाह्या जोडणारी ती बाही. शर्ट कॉलरकडून बाहीकडे आणि बाहीकडून काजकडे यायचा, आणि त्याच्यामागोमाग गप्पाही त्याच क्रमाने यायच्या. कॉलर तिखट, बाही भाबडी, आणि काज दोघींचं ऐकून मान डोलावणारी. कॉलर आणि बाही कारखान्याच्याच गावच्या, काजच्या गावात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि कारखाना बंद पडला तशा त्या आपापल्या मुलांकडे आणखी लांब गेल्या. उरलं ते रविवारचं फोनवर बोलणं.

त्या फोननेच घात केला. कॉलर म्हणाली, माझ्या खोलीला गॅलरी आहे. बाही म्हणाली, माझ्या सुनेने मला वेगळं कपाट करून दिलंय. आता काजनेच का मागे राहायचं? ती म्हणाली, माझ्या खोलीच्या खिडकीतून किल्ल्याचा बुरुज दिसतो. सकाळी डोळे उघडले की समोर बुरुज.

खोली तिची होती हे खरं. पण नात दहावीला गेली, तेव्हा तिनेच आपणहून सांगितलं, पोरीला अभ्यासाला खोली द्या, मी पॅसेजमध्ये पडेन, मला काय लागतंय. कुणी मागितली नव्हती. मुलगा नको नको म्हणत होता. सून म्हणाली होती, आई, वर्षभराचाच प्रश्न आहे, तोवर एकत्र झोपा दोघी. तर हीच दिवा चालू राहिला की मला झोप येत नाही म्हणाली आणि घडीची खाट पॅसेजमध्ये टाकून मोकळी झाली. देताना मोठं छान वाटलं होतं. शेजारच्या दोघींना तिने ते सांगितलंही. पण कॉलरला आणि बाहीला सांगायला मात्र जीभ रेटली नाही. सकाळी डोळे उघडले की समोर न्हाणीघराचं दार, हे कसं सांगायचं? आणि बुरुज तर त्या खोलीतूनही कधी दिसला नव्हता. दिसायची ती समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी.

मग महिन्यापूर्वी कॉलरने फोनवर जाहीर केलं, तुझ्या साठीला आम्ही दोघी येतोय, दोन रात्री राहू, बुरुज बघू. काजने तिकडे सांगितलं, सूनबाईला माणसं आली की डोकं चढतं, बिचारीचा इलाज नाही. इकडे घरी सांगितलं, त्यांना घरी राहायचंच नाही, फिरायला मोकळं हवं म्हणतात. दोन्हीकडे वेळ मारून नेली. दोन्हीकडच्यांनी विश्वास ठेवला, कारण तोवर तिची थाप कधी उघडी पडली नव्हती.

आणि आज सकाळपासून ती दोघींना गावभर फिरवत होती. घर सोडून सगळं दाखवायचं, एवढा एकच बेत. अडचण अशी, की ज्या गावात जन्म गेला त्यातलं तिने स्वतःच काही पाहिलं नव्हतं. सुट्टीचा दिवस कपडे धुण्यात जायचा, किल्ला बघायला कोण जातं. घड्याळाचा मनोरा तिला माहीत होता तो बस तिथे वळते म्हणून. तरी ती दामटून सांगत सुटली.

“इथे बसून राणी केस वाळवायची.”

“कुठली राणी?” कॉलरने विचारलं.

“त्या वेळची.”

“आणि हे भोक?”

“तोफेसाठी.”

“एवढ्याशा भोकातून तोफ? काज आहे का हे, तू पाडलेलं?”

बाही हसून हसून पायरीवरच बसली. ती हसली की बसायची, आणि बसली की तिला उठवावं लागायचं. गुडघे गेले होते तिचे. दर पायरीला भिंतीला हात लावून, एक पाय टेकवून दुसरा त्याच्याजवळ आणत ती बुरुजावर चढली होती. वर वारा छान होता. तिघी कठड्याशी उभ्या राहिल्या आणि कॉलर म्हणाली, “आता तुझी खिडकी दाखव.”

काजला हे सुचलंच नव्हतं. खिडकीतून बुरुज दिसतो, तर बुरुजावरून खिडकी दिसणार, हे साधं गणित. तिने समोरच्या घरांच्या गर्दीत बोट केलं. “ती. हिरव्या पडद्याची.”

बाहीने त्या हिरव्या पडद्याला हात हलवून दाखवला. काजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मनोरा झाला, जुना पूल झाला, संग्रहालयातली गंजलेली भांडी झाली, तरी दुपार सरेना. गावात दाखवण्यासारखं होतं तेवढं संपलं. खानावळीत बाही म्हणाली, “घटकाभर तुझ्या खोलीत पाठ टेकली असती गं.” ते ऐकलं आणि काज ताडकन उठली. म्हणाली, अजून एक बुरुज राहिलाय, दक्षिणेचा. तिने दोघींना किल्ल्याला वळसा घालून बाजाराच्या बाजूने आत नेलं आणि त्याच बुरुजावर दुसऱ्या जिन्याने चढवलं.

अर्ध्या वाटेत कॉलर थांबली. “हा मघाचाच गं.”

“नाही. तो उत्तरेचा.”

वर तोच तुटका कठडा, त्याच्यावर चुन्याने लिहिलेली तीच कुणा प्रेमिकांची नावं. बाही सगळ्यात शेवटी पोचली, ओठ दाबून धरलेले, कपाळावर घाम. तिने इकडेतिकडे पाहिलं, तिला कळलं, आणि ती म्हणाली, “असू दे. दुसऱ्या बाजूने आलं की वेगळं दिसतं.”

समोर हिरव्या पडद्याची खिडकी आता उघडी होती. एक टकला माणूस बनियनवर उभा राहून दात कोरत होता.

“तुझा मुलगा का गं?” बाहीने विचारलं.

“हो,” काज म्हणाली. मग तिने नीट पाहिलं. माणूस तिच्याहून म्हातारा होता. “म्हणजे, नाही. पाहुणे आलेत.”

कॉलरने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि काही बोलली नाही. कॉलर बोलली नाही, असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. शर्टावर एक टाका चुकला तर अख्खी ओळ थांबवणारी बाई ती. तिने आज मान फिरवली आणि बाहीचा दंड धरून तिला उतरवू लागली. उतरताना बाहीचा गुडघा आणखी बिघडला. लॉजपर्यंत रिक्षाने न्यावं लागलं. पलंगावर बसल्यावर तिने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, तर गुडघा फुगून टम्म झालेला. “म्हातारपण,” बाही म्हणाली. “तू नको मनाला लावून घेऊ. आज तुझा दिवस.”

तिथून काज पायी घरी आली होती. रिक्षात बसायचं धाडस झालं नाही, रिक्षावाला ओळखीचा निघून बोलू लागेल म्हणून. आणि ती एका वाटेने येत असताना सून दुसऱ्या वाटेने फुलं घेऊन तिकडे पोचली होती.

“घर लहान आहे म्हणायचं होतं,” सूनबाई आता खुर्चीवर बसली होती. आवाज खाली आला होता, आणि तो वरच्या आवाजाहून वाईट होता. “पॅसेजमध्ये झोपते म्हणायचं. मी काय नाही म्हटलं असतं? माझंच नाव का पुढे केलं?”

काजकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. सुनेचं नाव चटकन पटतं म्हणून पुढे केलं. सासूने सुनेबद्दल असं म्हटलं की कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

“आता काय करायचं ते बघू,” मुलगा मध्ये पडला. मशीन उघडल्यासारखा तो एकेक गोष्ट बाजूला काढून ठेवू लागला. “हे बघ आई, सोपं आहे. तुझी खाट खोलीत टाकू. पोरीचं टेबल एक दिवस बाहेर. उद्या त्यांना चहाला बोलाव. खोली बघतील, खूश होतील, जातील. हिचं डोकं म्हणशील तर आज बरं आहे म्हणून सांगू.”

“माझं डोकं बरंच असतं,” सूनबाई म्हणाली.

“अगं, मला माहितीय ते. पण आईची लाज राहील ना.”

खरं तर काजला सुटल्यासारखं वाटलं. टाकी दिसते त्या खिडकीला पडदा लावता येईल. बुरुज धुक्यात आहे म्हणता येईल. दुपारी धुकं कुठून येणार, तर काहीतरी दुसरं. डोकं आपोआप चालू लागलं होतं, चाकं आपसूक फिरावीत तसं, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं.

खोलीतून टर्रकन आवाज आला. ती दाराशी गेली. नात स्टुलावर चढून भिंतीवरचे तक्ते उतरवत होती. परीक्षा तोंडावर आलेली, महिनाभर खपून चिकटवलेले ते रंगीत तक्ते. एक फाटला होता. पलंगावरची पुस्तकं तिने खोक्यात भरलीही होती.

“काय करतेस गं?”

“तुझी खोली करतेय.” पोरीने वळूनही पाहिलं नाही. “आजी, मी त्यांना काय सांगायचं? मी कुठे झोपते विचारलं तर? पॅसेजमध्ये म्हणू?”

काज तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पोरगी चिडून बोलत असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणाने विचारत होती, शाळेत नाटकातली आपली वाक्यं विचारावीत तशी. काय सांगायचं ते कळलं की ती तसंच सांगणार होती, आजीसाठी, न अडखळता.

“खाली उतर,” काज म्हणाली.

“अजून दोन आहेत.”

“उतर म्हटलं ना. आणि ते परत लाव.”

तिने फाटलेला तक्ता उचलला, पलंगावर ठेवून हाताने सपाट केला. आपला चेहरा तापलाय हे तिला हात न लावताही कळत होतं. सुनेपुढे मान वर होणार नव्हती, तरी ती बाहेर आली.

सूनबाई चपला काढून दाराशी ठेवत होती. मुलगा खाटेच्या घड्या घालायला वाकला होता.

“ती तिथेच राहू दे,” काज त्याला म्हणाली. “काही हलवायचं नाही.”

“अगं, पण मग—”

“सकाळी मी लॉजवर जाणार. तिथे दोघींना सांगणार, की डोक्याचं मी रचलं, खिडकीचं मी रचलं आणि बुरुज एकच होता. ते ऐकून घरी यायचं की परत जायचं, ते त्या ठरवतील.”

मुलाने खाटेवरचा हात काढला.

“मी परत रजा काढणार नाही,” सूनबाई म्हणाली.

“काढू नकोस. जेवण आहे तेच गरम करू. केक उद्या कापायचा.” मग ती मुलाकडे वळली. “तू मात्र कामावर उशिरा जा. त्या आल्या तर बाहीला जिना चढवणार नाही. खुर्चीत बसवून वर आणायचंय तिला, तर खालच्या मजल्यावरच्या भाऊंना आत्ताच जाऊन सांग, एक बाजू धरायला.”