चिठ्ठी नाही म्हणजे विमान येणार

आम्ही औरंगाबाद सोडलं त्या सोमवारी टांगेवाल्यानं न सांगताच दोन्ही बाजूंचे पडदे खाली सोडले होते. आत मी, आई आणि एक ट्रंक. सकाळचे आठ वाजले होते, तरी औरंगपुऱ्यातली दुकानं एकेक फळी काढूनच बसली होती, वेळ आली तर लगेच बंद करता येतील अशी. घराला कुलूप लावताना आईनं बजावलं होतं, "कुणी विचारलं तर आत्याकडं चाललो म्हणायचं. बाकी तोंड मिटून राहायचं." मला हे बजावायची गरज नव्हती. छावणीतल्या मिशनच्या शाळेत मी इंग्रजीत उत्तर द्यायला लाजायचे आणि घरी आल्यावर मराठीत. नातेवाईक त्यालाच गुण म्हणायचे. "पोरगी लई गुणाची, तोंडातून शब्द काढत नाय."

उस्मानपुऱ्याकडं रस्ता फुटतो तिथं मेहरुन उभी होती, शाळेपासूनची माझी एकुलती एक मैत्रीण. तिनं घोड्यासमोर हात आडवा करून टांगा थांबवला आणि पडद्यातून डबा आत सरकवला.

"अम्मीनं दिलाय. रोटी अन् चटणी हाय, घाबरू नका काकू." मग मला चिमटा काढून म्हणाली, "अभीसे बम्बईवाली झालीस काय गं? बोलत पण नाहीस."

"नेहमी तरी कुठं बोलते," आई म्हणाली.

"गुरुवारी आम्ही येतोच. अम्मीला दवाखान्यात ठेवलं की मी तुझ्या घरी. माझी जागा ठेव."

मी मान हलवली. माझ्या उजव्या मुठीत एक पिवळी चिठ्ठी होती. तिच्यावर मेहरुनच्या अब्बांचं नाव होतं, आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं होतं की गुरुवारचं विमान येणार नाही. आईनं माझ्या मुठीकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. टांगा हलला.

त्या चिठ्ठीबद्दल सहा वर्षं मी कुणापाशी बोलले नाही. तुम्ही जे तिकडंच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांना आता सांगते.

निजामाच्या राज्यातला, पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा. वडील नोकरीसाठी मुंबईला गेले होते आणि आम्ही दोघी त्यांच्या पत्राची वाट पाहत मामांच्या आधारानं राहत होतो. आबामामा औरंगपुऱ्यात कापड विकायचे. त्यांनी दुकानातल्या एका टेबलावर विमान कंपनीची एजन्सी घेतली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी हैदराबादहून एक लहान विमान चिकलठाण्याच्या मैदानावर उतरायचं आणि पुढं मुंबईला जायचं. मामांना मोडी येई, उर्दू येई, कापडाचा पोत डोळे मिटून सांगता येई. इंग्रजी मात्र येत नव्हतं, आणि कंपनीच्या तारा इंग्रजीत. म्हणून शाळा संपल्यावर त्या टेबलापाशी मला बसवलं. मला ते काम आवडलं. वाचायचं आणि लिहायचं, बोलायचं नाही.

प्रवाशांचं वजन शेजारच्या आडतीतल्या धान्याच्या काट्यावर व्हायचं. बायका लाजायच्या. मग मामांचे शिपाई करीमचाचा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "बाई, वजन नै बताए तो जहाज बीच में बैठ जाता."

विमान येईलच असं नसे. कधी पेट्रोल नाही, कधी इंजिन बिघडलेलं. कंपनी प्रवाशांना काहीच कळवत नसे. मामांनाही पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळे. एकदा जालन्याचे एक व्यापारी बायकोमुलांसह दिवसभर मैदानावर उन्हात बसले आणि संध्याकाळी तसेच धुळीनं भरलेले दुकानात आले.

"आबाशेठ, जहाज आया नै सो नै आया, तुमारा संदेसा कां मर गया?"

"अहो, मलाच तार आत्ता आली."

"मग तार काय बैलगाडीतनं आणता व्हय?"

सगळा बाजार हसला. मामांना ते फार लागलं. त्यांनी पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. तार आली की मी चिठ्ठ्या लिहायचे, शिक्का मारायचे आणि करीमचाचा सायकलवरून घरोघर पोचवायचे. त्यांची घंटा ऐकली की लोक लांबूनच हात जोडायचे, "चाचा, हमारी गल्ली में मत आओ!" हळूहळू गावात एक नियम पडला. तो कुणी केलेला नव्हता. चिठ्ठी आली तर विमान नाही. चिठ्ठी नाही म्हणजे विमान येणार. माझा आवाज गावात कुणाला ठाऊक नव्हता, पण माझं अक्षर कितीतरी घरांत ओळखीचं झालं.

वैशाखापासून सगळं बदलत गेलं. तारा आधीच कुणीतरी उघडून वाचलेल्या येऊ लागल्या. रस्त्यानं खाकी कपड्यातली माणसं बंदुका घेऊन फिरायची. करीमचाचांनी थट्टा करायचं सोडलं. एका सोमवारी कुणा अंमलदारानं ऐनवेळी दोन बायकांना विमानातून उतरवलं आणि आपली माणसं बसवली. विमान गेल्यावरही त्या बायका कितीतरी वेळ आपल्या ट्रंकेवर बसून होत्या. वडिलांचं पत्र आलं, "मिळेल त्या विमानानं या. सामानाचा मोह नको."

मेहरुनच्या अम्मीच्या पोटात गाठ होती. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, या महिन्यातच करा. तिथल्या दवाखान्यात शनिवारची खाट ठरली होती. तिचे अब्बा उर्दू शाळेत मास्तर. रेल्वेचे धक्के तिला सोसवणार नाहीत म्हणून त्यांनी विमानाची तिकिटं काढली. ती मीच लिहिली. गुरुवार, तीन जागा.

निघायच्या दिवशी सकाळी सातला मी प्रवाशांची लिस्ट द्यायला दुकानात गेले, तर तार आलेली. मी ती मामांना हळू आवाजात वाचून दाखवली. आजची सर्व्हिस शेवटची. पुढची सगळी तिकिटं रद्द. प्रवाशांत जाहीर करू नये.

मामांनी दाराला आतून कडी लावली. मी सवयीनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला आणि पहिली चिठ्ठी लिहून शिक्काही मारला. दुसरी घेतली तेव्हा मामांनी माझं मनगट धरलं.

"काय करतीस?"

"गुरुवारचे प्रवासी..."

"अगं, शेवटचं विमान म्हणून कळलं की अर्धं गाव चिकलठाण्यावर येईल. मग तुमच्या दोन जागा राहतील व्हय? तुझ्या आईला ट्रंकेवर बसवायचंय तुला?"

"पण मेहरुनची अम्मी..."

"मनमाडची गाडी चालू हाय अजून. हळूहळू जातील. तुमचं विमान एकदा उडू दे, दुपारीच चाचाला सगळ्यांकडं धाडतो. माझा शब्द."

मी गठ्ठा खाली ठेवला. लिहिलेली चिठ्ठी मात्र ठेवली नाही, मुठीत घेतली. मामांच्या शब्दावर माझा पुरता विश्वास नसावा. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं ट्रंकेचं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं.

चिकलठाण्याला विमान उभं होतं. त्या दिवशी कुणाचं वजन झालं नाही. मैदानाच्या कडेला पेट्रोलची पिंपं रचलेली असत, ती जागा रिकामी होती, मातीवर गोल डाग तेवढे उरले होते. आम्ही रांगेत उभे असतानाच कंपनीच्या एका माणसानं वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावरून उतरवली आणि घडी करून विमानात ठेवली. रांगेतल्या कुणाला त्यात काही वाटलं नाही. मला त्याचा अर्थ कळला.

करीमचाचा ट्रंक चढवून गुरुवारचं विचारायला माझ्यापाशी आले. "बिटिया, जुमेरात को कित्ते लोगां हैं? टांगे बोलके रखता."

चिठ्ठी माझ्या हातात होती. हात पुढं केला असता तर बोलावंही लागलं नसतं. चाचांची सायकल खांबाला टेकलेली होती, उस्मानपुऱ्याला पोचायला त्यांना तासभर पुरला असता. मागं एक जीप येऊन थांबली. आईनं माझा दंड धरला.

"अकरा," मी म्हणाले.

मैदानावर मी बोलले तो एकच शब्द. विमान उडालं, आणि बघता बघता चाचा, सायकल, खांब सगळं लहान होत गेलं.

मामा नंतर मुंबईला आमच्याकडं आले तेव्हा मी विचारलं. त्या दिवशी दुपारी त्यांच्या गल्लीत कुणाच्या तरी घरावर जमाव आला, आणि मामीला घेऊन ते मिळेल त्या मोटारीनं नगरला निघून गेले. "चिठ्ठ्या टेबलावरच राहिल्या गं. राहूनच गेलं." मनमाडची गाडी मंगळवारी गेली, बुधवारीही गेली. गुरुवारी राज्याची सरहद्द बंद झाली.

आता मी मुंबईत एका कचेरीत टायपिस्ट आहे. तिथं प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती काढायच्या, एकीवर पोच घ्यायची. पोच नसेल तर कळवलंच नाही असं धरतात. पहिल्या दिवशी मला हे फार कोरडं वाटलं होतं. आता मी स्वतःच शिपायाला दारातून परत बोलावून सही तपासते. इथं कुणाच्या गप्प राहण्यावर कुणी विसंबत नाही. नव्या माणसाला ते सोयीचं पडतं. मी रमले असं सगळे म्हणतात. पण सायकलची घंटा वाजली की अजून हातातलं काम थांबतं.

गेल्या आठवड्यात मेहरुनचं पत्र आलं. मामांच्या जुन्या शेजाऱ्याकडून तिला पत्ता मिळाला. आमच्या शाळेनं घोटून घेतलेलं तेच गोल इंग्रजी अक्षर. ती लिहिते, "त्या गुरुवारी आम्ही सातलाच मैदानावर गेलो. करीमचाचांनी टांगा सांगून ठेवला होता. तिथं कंपनीचं कुणीच नव्हतं, खांबावर पिशवीसुद्धा नव्हती. टांगेवाला म्हणाला, परत चला. अब्बा म्हणाले, विमान येणार. रद्द झालं असतं तर त्या मुलीची चिठ्ठी आली असती. दिवे लागेपर्यंत आम्ही बसलो. अम्मी ट्रंकेला टेकून पडून होती." पावसाळा संपायच्या आत अम्मी गेली. पुढं तिनं लिहिलंय, "तुला तरी कुठं माहीत असणार. तुम्हीही घाईतच गेलात. एकदा ये. तुझी जागा ठेवली आहे."

मी पत्र आईला वाचून दाखवलं. तांदूळ निवडता निवडताच ती म्हणाली,

"ती काही विचारतेय का तुला?"

"नाही."

"मग?"

आईचं चूक असं म्हणवत नाही. ती ट्रंकेवर बसून राहिली असती तर मी आज काय लिहिलं असतं कुणास ठाऊक. पण घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला आता भिंती आठवत नाहीत, गल्लीही नाही. आठवतो तो उन्हात बसलेला माणूस, जो टांगेवाल्याला सांगतोय की ती मुलगी गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे. माझ्या गप्प राहण्यावर एवढा भरवसा नंतर कुठंच कुणी ठेवला नाही.

पिवळी चिठ्ठी सहा वर्षं शाळेच्या बायबलमध्ये होती. घडीवर फाटलीय, अक्षर नीट वाचता येतं. वर अब्बांचं नाव, खाली कंपनीचा शिक्का, कोपऱ्यात त्या सोमवारची तारीख. तारीख पाहिली की मेहरुनला बाकीचं कळेल. आज सकाळी कचेरीला जाताना ती पाकिटात घालून मी पोस्टात टाकली, सोबत एक ओळ लिहिली, "मला माहीत होतं."

औरंगाबादला टपाल तीन दिवसांत पोचतं. तेवढेच दिवस यायला. आता वाट मी पाहायची. तिची चिठ्ठी आली नाही, तर माझ्यासाठी ठेवलेली जागा आता नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको.