काटा उत्तरेला लागेना

रांजणगावच्या एका कारखान्यात मी मीटर दुरुस्तीला होतो. बिघाड माझ्या हातून सुटत नाही, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. म्हणूनच केंदूरच्या आप्पांनी मला बोलावलं. वायुदलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये एका माणसापुरतं विमान बांधलं होतं. त्याचं पॅनेल मीच जोडून दिलं होतं. आता त्यावरच्या होकायंत्राचा काटा उत्तर सोडून भलतीकडेच थांबत होता.

वीज काट्याला ओढत असेल म्हणून मी आधी रेडिओ बंद केला. फरक नाही. वायरी एकमेकींत पिळल्या, बॅटरी शेपटीकडे नेली. काटा जागचा हलेना. शेवटी वैतागलो. "आप्पा, होकायंत्रच खराब आहे. कुणी गळ्यात मारलं तुमच्या?"

ते काढायला मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला, तर काटा त्याच्या टोकामागे फिरू लागला.

"ह्याला चुंबक हाय व्हय?" आप्पांनी विचारलं.

"स्पीकरच्या चुंबकावर घासून मीच केलंय," मी ऐटीत सांगितलं. "स्क्रू टोकाला चिकटून राहतो, खाली पडत नाही."

"म्हंजी पॅनेलचे सगळे लोखंडी स्क्रू तुम्ही ह्यानंच आवळलेत."

त्या स्क्रूंमध्येही चुंबकत्व उतरलं होतं. ते स्क्रू काढून मी पितळी लावले, तेही आप्पांच्या साध्या स्क्रूड्रायव्हरने. काटा मुकाट्याने उत्तरेला आला.

विमानाच्या वहीत बिघाडाचं कारण लिहायचं असतं. आप्पांनी पेन माझ्या हातात दिलं.